दोन बोटांचा उंचवटा

कोल्हापुरात रामानंदनगरच्या उतारावर एका कॉलनीत आम्ही पावसाची बाग केली होती. रस्त्यावरून वाहणारं पाणी अडवून जमिनीत जिरवायचा खड्डाच तो, रस्त्याकडेचा, १२ बाय २५ फुटांचा. तळाला खडी, वर वाळू, माती, शेणखत आणि कर्दळ, वाळा. काळी माती पाणी धरून बसते, म्हणून मुरूम लागेपर्यंत खोदलं होतं.

जूनअखेरच्या संध्याकाळी पाऊस कोसळला. खालच्या घरातल्या काकींचा फोन आला. "साहेब, पाणी उंबऱ्याला लागलंय. तुमची बाग काय कामाची मग?"

धावत गेलो. बागेत नुसता चिखल, आणि शेजारून घोटाभर पाणी धो धो उताराला लागलेलं. पाणी आत यायला कठड्यात सोडलेली फट रस्त्यापेक्षा दोन बोटं वर राहिली होती, त्यात पालापाचोळा अडकला होता. गवंड्यानं शेवटचा थर दिला त्या दिवशी मी लेव्हल तपासली नव्हती. चूक माझीच.

मुकादम मामांनी पहार घातली. भर पावसात दोन दगड उपसले, आणि पाणी वळलं. गढूळ लोट कर्दळीत शिरला, पानं आडवी झाली. बघता बघता ६ इंच भरलं आणि पलीकडच्या तोंडातून गटारीत पडू लागलं. पाऊसही उणावला. काकींच्या उंबऱ्यावरून पाणी पायरीखाली गेलं.

बागेत वर साचतं जेमतेम ४,२०० लिटर. हजार चौरस फुटांच्या एका गच्चीवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ४,६०० लिटर होतात. एका बागेनं गल्ली भागत नाही, हे मी बैठकीत सांगितलं होतं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते, तेव्हाच्या पुरापुढे तर ती काहीच नाही. पण रोजच्या सरींचं काय? वरुणतीर्थ तळ्याचं गांधी मैदान झालं, कपिलतीर्थ तळ्यावर मंडई बसली. पाण्याला थांबायला जागा आपणच ठेवली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सकाळी आठला गेलो. पाणी पुरतं जिरलेलं, वर बोटभर गाळ. डास होतील म्हणून बागेला विरोध करणारे अण्णा तिथं उभे होते. अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, एवढं पाणी इथं थांबतच नाही, हे त्यांना दोनदा समजावलं होतं. आता ते खुरप्यानं गाळ ओढत होते.

"वरच्या गल्लीत करणार असाल," ते म्हणाले, "तर लेव्हल धरायला मला बोलवा."