तुम्ही विचारलंत म्हणून: जुन्या रिसीव्हरला मोबाईल कुठे जोडायचा?

महिन्या-दोन महिन्यांनी कुणाचा ना कुणाचा फोटो येतो. फोटो रिसीव्हरच्या, म्हणजे रेडिओ आणि अँप्लिफायर एकत्र असलेल्या पेटीच्या, पाठीचा असतो, धूळ अर्धवट पुसलेली, आणि खाली एक ओळ: ‘याला मोबाईल जोडता येईल का? यातल्या कुठल्या भोकात?’ कधी मोबाईलच्या जागी टीव्ही असतो, कधी लॅपटॉप, कधी हौसेने नुकताच घेतलेला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड वाजवायचा प्लेअर. रिसीव्हर बहुतेक १९७०च्या आसपासचा किंवा त्यानंतरच्या दहा वर्षांतला. वडिलांचा, मामांचा, नाहीतर भंगारात जाता जाता कुणीतरी वाचवलेला.

जोडता येतो, आणि काम पाच मिनिटांचं आहे. पण ‘ऑक्समध्ये घाल’ एवढंच सांगितलं की दोन दिवसांनी पुन्हा फोन येतो, म्हणून या वेळी जरा सविस्तर सांगतो.

लोक अडतात ते नावांपाशी. पाठीवर आपल्या वस्तूचं नाव शोधतात आणि ते सापडत नाही. सीडी प्लेअरच मुळी १९८२ साली बाजारात आला, तेव्हा त्याआधीच्या रिसीव्हरवर ‘सीडी’ कुठून असणार? ब्लूटूथचं तर बोलायलाच नको. तिथे असतं फोनो, ऑक्स (‘ऑक्झिलरी’, म्हणजे जास्तीची जागा), टेप, थोडा मोठा रिसीव्हर असेल तर टेप २. यातल्या ऑक्सला आणि टेपच्या ‘प्ले’ किंवा ‘इन’ लिहिलेल्या जोडीला तुम्ही काय लावलंय याच्याशी देणंघेणं नसतं. दोघांना साधारण एकाच ताकदीचा सिग्नल लागतो. मोबाईल, टीव्ही, लॅपटॉप, सीडी प्लेअर सगळे तसाच सिग्नल देतात. तेव्हा वस्तूचं नाव विसरा आणि सिग्नल किती जोराचा आहे तेवढं विचारा.

अपवाद एकच, फोनो. आणि निम्मे घोटाळे इथेच होतात, कारण ‘फोनो’ वाचून ‘फोन’ इथेच लावायचा असं कितीतरी जणांना वाटतं. त्यांना हसू नका, वाटण्यासारखंच आहे.

टर्नटेबलच्या सुईमागे जी बारीकशी मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज असते तिच्यातून निघतात तीन ते पाच मिलिव्होल्ट. सीडी प्लेअर देतो दोन व्होल्टपर्यंत, म्हणजे चारशेपटीहून जास्त. त्यामुळे फोनोच्या मागे रिसीव्हरमध्ये एक वेगळा अँप्लिफायर बसवलेला असतो, जो त्या इवल्या सिग्नलला आधी मोठा करतो. तो आणखीही एक काम करतो. रेकॉर्ड कापताना बास मुद्दाम कमी केलेला असतो आणि वरचे सूर वाढवलेले असतात. बास आहे तसा कापला तर खाच नागमोडी होत शेजारच्या खाचेत घुसेल आणि एका बाजूवर आता मावतात तेवढी गाणी मावणार नाहीत. वाजवताना हे सगळं बरोबर उलटं करावं लागतं: २० हर्ट्झपाशी आवाज जवळजवळ दहापट वर, २० किलोहर्ट्झपाशी जवळजवळ दहापट खाली. वरचे सूर दाबताना सुईची सरसरही दबते, तो फायदा वेगळाच. पूर्वी प्रत्येक कंपनीचं माप निराळं होतं. १९५४ साली अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने, आरआयएएने, एक माप ठरवलं आणि पुढे सगळ्यांनी तेच धरलं.

आता या फोनोत मोबाईल लावला की काय होईल ते तुमच्या लक्षात आलं असेल. आवाज येतो, पण पिंपात तोंड घालून कुणी ओरडावं तसा, फुटका आणि बासने सुजलेला. उलट, टर्नटेबल ऑक्समध्ये लावला तर डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, तेही पातळ. म्हणून कुणी ‘आवाज खूप बारीक आहे’ म्हणालं की मी आधी फोनोचं विचारतो.

नव्या टर्नटेबलांनी यात एक गुंता वाढवला आहे. बऱ्याच टर्नटेबलांत फोनोचा तो अँप्लिफायर आतच येतो आणि मागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला ‘फोनो’, दुसऱ्या बाजूला ‘लाइन’. खटका लाइनवर असेल तर पिना ऑक्समध्ये, फोनोवर असेल तर फोनोत. खटका लाइनवर आणि पिना फोनोत, असं झालं की एकच काम दोनदा होतं आणि पुन्हा तेच पिंप. अगदी स्वस्त, जुन्या प्लेअरमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असते. ती मुळातच शेकड्यांत मिलिव्होल्ट देते, तिला ऑक्सच बरा.

टर्नटेबलमधून एक बारीक वायरही लोंबत असते, टोकाला चिमट्यासारखी पट्टी. ती रिसीव्हरच्या पाठीवर ‘जीएनडी’ (ग्राउंड) लिहिलेल्या स्क्रूखाली कसा. नाही कसली तर मागे सतत घूंऽऽ असा आवाज राहतो, आणि टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, बोट लावलं की तो बदलतो. टर्नटेबल नसताना हाच आवाज आला, विशेषतः चार्जरला लावलेल्या लॅपटॉपबरोबर, तर चार्जर काढून बघा. आवाज गेला तर दोष रिसीव्हरचा नाही, लॅपटॉपच्या चार्जरकडून येणाऱ्या अर्थिंगचा आहे.

मोबाईलसाठी एका टोकाला हेडफोनची साडेतीन मिलिमीटरची पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन आरसीए पिना (रिसीव्हरच्या पाठीवरच्या गोल भोकांत बसणाऱ्या) असलेली केबल लागते. लाल उजवीकडची, पांढरी किंवा काळी डावीकडची. मोबाईलला ते भोकच नसेल तर ब्लूटूथची छोटी डबी मिळते, तिच्यातून त्याच दोन पिना निघतात. मोबाईलचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त रिसीव्हरवर करा. मोबाईलवर कमी ठेवून रिसीव्हर ताणला की गाण्याबरोबर मागची सरसरही वाढते.

दोन व्होल्टवाल्या सीडी प्लेअरची तक्रार मात्र निराळी असते. जुन्या ऑक्सला पूर्ण आवाजासाठी दीडशे-दोनशे मिलिव्होल्ट पुरतात, त्यामुळे नॉब जरासा हलला की खिडक्या थरथरतात. बिघडत काही नाही, पण या जुन्या नॉबची डावी-उजवी बाजू अगदी सुरुवातीच्या पट्ट्यात नीट जुळत नाही, गाणं एका कानाकडे झुकतं. अशा वेळी सिग्नल कमी करणारा छोटा जोड मधे लावतात, किंवा प्लेअरला स्वतःचा आवाजाचा नॉब असेल तर तो उतरवतात.

टीव्हीला हल्ली बहुतेक ऑप्टिकलचंच भोक असतं. मग मधे डीएसी, म्हणजे डिजिटल सिग्नलचा साधा सिग्नल करणारी डबी, लागतो, आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज ‘पीसीएम’वर करायचा. हे विसरलात की डीएसी मुका. युरोपातल्या काही रिसीव्हरला आरसीएऐवजी पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. त्यात ३ आणि ५ वर आवाज आत जातो, १ आणि ४ वरून रेकॉर्डिंगसाठी बाहेर येतो, २ म्हणजे अर्थ. तयार केबल घेताना ती वाजवण्याची आहे की रेकॉर्डिंगची, एवढं बघा.

आता टेप. माझ्या मते अख्ख्या पाठीवरची सगळ्यात हुशार जागा हीच, आणि सगळ्यात जास्त शिव्याही हिलाच बसतात.

मामा गेल्यावर त्यांचा रिसीव्हर माझ्याकडे आला. लावला तर दिवे लागले, सिग्नलचा काटा हलला, एफएमवर स्टेशन पकडल्याचा लाल दिवाही पेटला, आणि आवाज शून्य. मी दोन रात्री तो उघडून बसलो. फ्यूज बघितले, ब्रशने धूळ काढली, स्पीकर बदलून पाहिले. शेवटी मामीला फोन केला, याचं पुस्तक कुठे ठेवलंय का विचारायला.

मामी म्हणाली, ‘पुस्तक कुठलं आलंय आता! ते टेपचं बटण आत आहे का बघ. तुझे मामा रेडिओवरून टेप करायचे ना, ते दाबलेलंच असायचं.’

दाबलेलंच होतं. बाहेर काढलं आणि बातम्या सुरू झाल्या, त्याही एवढ्या मोठ्याने, कारण दोन रात्री मी नॉब वाढवतच गेलो होतो.

हे बटण करतं काय, तर काय ऐकायचं ते निवडणाऱ्या सिलेक्टरपासून आवाज पुढे जाऊ देत नाही. तो पाठीमागच्या ‘रेक’ (रेकॉर्डिंगच्या) जोडीतून बाहेर जातच असतो, आणि बटण दाबलं की रिसीव्हर तो ‘प्ले’ जोडीतून परत येण्याची वाट बघतो. रेकॉर्डिंगचं आणि वाजवण्याचं हेड वेगळं असलेला तीन हेडचा टेप डेक असला की टेपवर उतरलेलं त्याच क्षणी ऐकता यायचं, म्हणून या बटणाचं नाव टेप मॉनिटर. मामांचा डेक केव्हाच गेला होता. रिसीव्हर बिचारा रिकाम्या जोडीकडे कान लावून बसला होता.

हाच वळसा आज कामाला येतो. ऑक्स भरला असेल तर मोबाईल टेपच्या ‘प्ले’त लावा आणि बटण दाबा. ‘रेक’मधून निघणाऱ्या सिग्नलवर आवाजाच्या नॉबचा परिणाम होत नाही, त्यामुळे रेकॉर्डी कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर तिथून घ्या. इक्वलायझर लावायचा तर त्यालाही हाच वळसा.

काहींच्या पाठीवर ‘प्री आउट’ आणि ‘मेन इन’ यांना, म्हणजे अँप्लिफायरच्या पहिल्या आणि शेवटच्या भागाला, जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्या असतात. पुसताना त्या निघाल्या आणि ‘जास्तीच्या’ म्हणून डब्यात गेल्या, तर रिसीव्हर तसाच मुका होतो. जागच्या जागी परत लावा.

स्पीकरकडे मात्र नीट लक्ष द्या, इथली चूक महागात जाते. वायरीची टोकं सोलली की तारा पिळून घ्या. एक केसाएवढी तार शेजारच्या क्लिपला टेकली तरी आउटपुटचे ट्रान्झिस्टर जाऊ शकतात. लाल-काळं दोन्हीकडे सारखंच लावा. एका स्पीकरला उलटं झालं तर बास गायब होतो आणि गाणं खोलीभर विरघळतं, कुठून येतंय ते कळत नाही. ए आणि बी अशा दोन जोड्या असतील तर बहुतेक रिसीव्हरांत त्या समांतर जोडल्या जातात, म्हणजे आठ ओहमचे दोन मिळून चार. मागे किती ओहमपर्यंत चालेल ते छापलेलं असतं, ते वाचून मगच दोन्ही एकदम चालू करा. आणि कितीही मोह झाला तरी स्पीकरच्या टर्मिनलमधून वायर काढून दुसऱ्या कशाच्या ऑक्समध्ये घालू नका.

जोडाजोडी करताना रिसीव्हर बंद ठेवायचा. परदेशातून आलेला असेल तर त्याआधी पाठीवरचं व्होल्टेज वाचायचं. १०० किंवा १२० लिहिलेला रिसीव्हर २३०ला लावला की पुढचं काही वाचायची गरज उरत नाही. चालू केल्यावर बऱ्याच रिसीव्हरांत चार-पाच सेकंदांनी टक् असा, स्पीकर जोडणाऱ्या रिलेचा (विजेवर चालणाऱ्या खटक्याचा), आवाज येतो, तोपर्यंत शांतता असणं बरोबर आहे. टक् झालंच नाही तर स्पीकरच्या तारा पुन्हा बघा. एक बाजू येत-जात असेल, खरखर असेल, तर रिसीव्हर बंद करून सगळे नॉब आणि बटणं वीस-तीस वेळा फिरवा, दाबा. वर्षानुवर्षं न हललेल्या संपर्कांवर थर चढलेला असतो. नाही सुटला तर कॉन्टॅक्ट क्लीनर आहेच. गंजलेल्या बिजागरीला मारायचं तेल मात्र आत मारू नका.

आणि पुढच्या वेळी पाठीच्या फोटोबरोबर रिसीव्हरच्या तोंडाचाही एक पाठवा. टेप मॉनिटरचं बटण त्यात दिसलं पाहिजे.