चष्मा येईपर्यंत किल्ली सासूबाईंकडे

घरात लेसर येऊन तो चालू व्हायला सात आठवडे लागले. त्यातले साडेपाच लेसरपासून डोळे वाचवणाऱ्या एकट्या चष्म्याने खाल्ले. टेबल तयार, समोरच्या भिंतीवर पांढरा कागद चिकटवलेला, आणि मी रोज संध्याकाळी कुरिअरवाल्याची वाट बघत बसलेली. अजूनही तो विषय निघाला की माझा आवाज चढतो, त्यामुळे पुढे चष्म्याबद्दल जरा जास्तच येणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. घरीच बारावीच्या फिजिक्सच्या शिकवण्या घेते. विवर्तनाचा, म्हणजे बारीक वस्तूच्या कडेने प्रकाश वळून पसरतो त्याचा, धडा आला की पुस्तकातल्या आकृतीकडे मुलं ज्या चेहऱ्याने बघतात तो चेहरा मला वर्षानुवर्षं छळत होता. पॉइंटरवर भागलं असतं, पण स्वस्तातल्या पॉइंटरवर छापलेली पॉवर आणि खरी पॉवर यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. मला हेलियम-निऑनचा गॅस लेसर हवा होता. तरंगलांबी ६३२.८ नॅनोमीटर, दशांशचिन्हापुढच्या आकड्यासकट भरवशाचा.

तो वागळे इस्टेटमध्ये एका भंगारवाल्याकडे मिळाला, कुठल्याशा प्रयोगशाळेतून निघालेला. हातभर लांब धातूचं नळकांडं, वेगळा पॉवर सप्लाय, पुढे किरण अडवायची सरकती झडप आणि सप्लायवर किल्लीचा स्विच. ४,५०० रुपयांत सौदा झाला. वायर शाबूत आहे का एवढं मात्र मी नीट पाहिलं, कारण भंगारात आलेल्या वस्तूची वायर तांब्यासाठी सगळ्यात आधी कापली जाते. या लेसरच्या नळीला धन-ऋण टोकं असतात. कापलेली वायर कुणी उलटी जोडली तर टोकाचा आरसा खराब होऊन नळी कायमची जाते. कापलेली असेल तर सरळ सोडून द्या. आणि सप्लायच्या मागे ११५ आणि २३० व्होल्टची निवड असेल तर ती बघा. माझा काटा ११५ वर होता, तो २३० वर आणला.

लेबल अर्धं खरवडलेलं होतं, तरी ‘वर्ग ३बी, कमाल १० मिलिवॉट’ एवढं वाचता आलं. वर्ग म्हणजे लेसर किती धोक्याचा त्याची पायरी. इथूनच चष्म्याचं रामायण सुरू झालं. एक मिलिवॉटपर्यंतच्या लाल किरणाला आपली पापणी पुरते, पाव सेकंदात मिटते आणि डोळा वाचतो. दहा मिलिवॉटला ती घाई पुरत नाही.

ऑनलाइन शोधलं, ‘लेसर सेफ्टी ग्लासेस’ असं ठळक लिहिलेला ४९९ रुपयांचा चष्मा मागवला. दोन दिवसांत आला. लालभडक काचा, छान डबी, पुसायला मऊ फडकं. घालून दिवाणखान्यात फिरले. टीव्ही बंद होता आणि त्याच्या कोपऱ्यातला लाल दिवा मला चष्म्यातून लख्ख दिसत होता.

डोक्यात उजेड पडायला मिनिटभर लागलं. काच लाल दिसते कारण ती लाल रंग आरपार सोडते. हा चष्मा हिरव्या लेसरसाठी होता. माझ्या लाल किरणापुढे तो घालणं म्हणजे पावसात चाळणी डोक्यावर धरणं. उलट जास्त वाईट, कारण चष्मा आहे म्हणून माणूस निर्धास्त होतो. तेव्हा पहिली परीक्षा ही: चष्म्यातून लाल एलईडी दिसला की चष्मा बाद. नाही दिसला म्हणजे पास असं मात्र नाही, पुढे सांगते.

परत करायला गेले तर कारणांच्या यादीत चारच पर्याय: तुटलेला आला, साइज चुकली, रंग वेगळा आला, आता नको आहे. मी ‘रंग वेगळा आला’ निवडलं. इतकं शास्त्रशुद्ध उत्तर त्या फॉर्मला आजवर कुणी दिलं नसेल. न्यायला आलेल्या मुलाने डबी उघडली, मोबाइलमधला फोटो आणि चष्मा शेजारी शेजारी धरला आणि म्हणाला, “ताई, रंग तर तोच आहे.” खरंच तोच होता. तो रिकाम्या हाती गेला.

मग फोन. पलीकडच्या मुलाचं एकच पालुपद, “मॅडम, लेसर लेसरच असतो ना.” माझा संयम तिथे सुटला. मी त्याला सांगितलं की १९६० साली अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये अली जावन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिला गॅस लेसर चालवला, तो हेलियम-निऑनचाच होता, आणि त्याचा किरण डोळ्यांना दिसतसुद्धा नव्हता, कारण तो इन्फ्रारेड होता. लाल किरण १९६२ साली मिळाला. वायू तेच, किरण दोन. मग दोघांना एकच चष्मा कसा चालेल? तो शांतपणे सगळं ऐकून घेऊन म्हणाला, “मॅडम, प्रॉडक्ट डॅमेज्ड आहे का?”

बदली चष्मा पाठवतो म्हणाले. दहा दिवसांनी आला. लाल.

पैसे परत मिळवून मी दुसरा विक्रेता गाठला. या वेळी शहाणपण करून हिरवट काचेचा मागवला. आला, टीव्हीचा दिवा बराच मंद दिसला, मी खूश. मग दांडीवरची बारीक अक्षरं भिंग लावून वाचली: ८००–११००. म्हणजे नॅनोमीटर, म्हणजे इन्फ्रारेड. लाल किरण त्यातून किती जातो याची कुणीच हमी दिलेली नव्हती. रंगावरून चष्मा निवडू नये हे मला दोनदा पैसे मोजून कळलं. चष्म्यावर तरंगलांबीचा पट्टा छापलेला हवा आणि आपला आकडा, इथे ६३३, त्या पट्ट्याच्या आत हवा. शेजारी ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, काच किरण किती अडवते तो आकडा) लिहिलेला हवा. ओडी १ म्हणजे आरपार जाणारा किरण दहापट कमी, २ म्हणजे शंभरपट, असं एकेका आकड्याला दहापट वाढत जातं. युरोपीय बनावटीच्या चष्म्यावर ईएन २०७ हा मानक क्रमांक असतो. यातलं काहीच छापलेलं नसेल तर तो गॉगल आहे, उन्हात वापरा.

शेवटी शास्त्रीय उपकरणं विकणाऱ्या एका कंपनीकडे गेले. त्यांच्याकडे नेमका चष्मा होता. पण आम्ही फक्त संस्थांना देतो, लेटरहेडवर ऑर्डर द्या, शिक्का मारा. माझ्या क्लासचं लेटरहेड कुठलं असायला! कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून बनवून घेतलं, शिक्काही करवून घेतला. त्यावर त्यांचं कोटेशन, कोटेशनवर माझी ऑर्डर, ऑर्डरवर त्यांचं प्रोफॉर्मा बिल, आणि मग तीन आठवडे सामसूम. दर सोमवारी फोन केला की “डिस्पॅचला सांगितलंय.” चौथ्या सोमवारी मी “तुमच्या ऑफिसात येऊन बसते” म्हटलं आणि बुधवारी पार्सल दारात. तेव्हा नम्रपणे वाट बघू नका, माझं तर पक्कं मत झालंय.

या सगळ्या काळात चष्म्याशिवाय एकदा, फक्त एकदाच चालू करून बघू, असं मला किती वेळा वाटलं असेल! केलंही असतं. पण किल्ली सासूबाईंच्या लवंग-वेलदोड्याच्या डब्यात होती. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे डोळ्यांच्या बाबतीत घरात त्यांचाच कायदा. “चष्मा दाखव, किल्ली घे.”

किल्ली जप्त का झाली हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं, पण लाज वाटते. लेसर आणला त्याच रात्री मी झडप बंद ठेवून दोन सेकंद स्विच फिरवला. मागच्या फटीतून नारिंगी-गुलाबी उजेड दिसला, म्हणजे वायू ठीक. नळीत हवा शिरली असती तर तो निळसर-जांभळट दिसला असता. मी खुशीत प्लग काढला, नळकांड्याची जोडणी सप्लायमधून उपसली आणि पिनांना बोट लागलं. कोपर मागच्या कपाटावर इतक्या जोरात आपटलं की सासूबाई आतून धावत आल्या.

सगळे किरणाला घाबरतात, पण जीव जाईल तो विजेने. ही नळी पेटायला क्षणभर दहा हजार व्होल्टच्या आसपास लागतात, नंतर ती दोन हजारांच्या घरात चालते. प्लग काढला तरी सप्लायमध्ये आणि नळीच्या वायरीतही चार्ज राहतो. घरात ईएलसीबी, म्हणजे गळती झाली की वीज तोडणारा स्विच आहे, झटका बसला की पडेल, असं मी समजत होते. तो पडला नाही, पडणारही नव्हता. सप्लायच्या आतल्या ट्रान्सफॉर्मरपलीकडे काय चाललंय हे त्याला कळतच नाही.

दुसऱ्या दिवशी जुने डबा टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. त्या टीव्हीतही हजारोंनी व्होल्ट असायचे, त्यामुळे त्यांचा हात बसलेला. त्यांनी रेझिस्टर लावलेल्या प्लास्टिकच्या दांडीने आधी चार्ज उतरवला, मग अर्थिंग तपासलं, आमच्या जुन्या सॉकेटमध्ये ते नव्हतंच, ते ओढून दिलं. जाताना म्हणाले, “काम करताना एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंट छातीतून जात नाही.” माझ्या ड्रेसला खिसा नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग पाठीमागे धरा. आणि घरात एकट्या असताना हे उघडू नका.” मी सप्लायचं झाकण कधीच उघडत नाही, ते त्यांचं काम.

चष्मा आल्यावर बाकीचं दोन संध्याकाळींत झालं. जुलैच्या दमट हवेत जोडणीपाशी चर्र आवाज येत होता. लगेच बंद केलं, काकांनी ती जोडणी कोरडी पुसून दिली, दोन दिवस सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवली आणि आवाज गेला. किरण जिथे संपतो तिथे काळा रंग दिलेली लाकडी फळी. आरशाच्या कपाटावर चादर, देवांच्या तसबिरी भिंतीकडे तोंड करून, खिडकीला जाड पडदा. आणि माझ्या बांगड्या व घड्याळ काढून, कारण किरणापुढे हात नेला की पहिली चमकते ती बांगडी.

एक चूक ऐनवेळी लक्षात आली. मुलं सतरंजीवर बसतात, तेव्हा त्यांचे डोळे बरोबर टेबलावरच्या किरणाच्या उंचीला येतात. आता ती लेसरच्या मागे बसतात, आणि वर्ग असला की पुढे दहापट उजेड कमी करणारा करडा फिल्टर घट्ट बसवलेला असतो.

पहिल्या दिवशी माझा एक केस किरणात ताणून धरला. तीन मीटरवरच्या कागदावर लाल पट्ट्या उमटल्या, मधल्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या काळ्या जागांमध्ये ५.४ सेंटिमीटर. तरंगलांबी गुणिले अंतर, दुप्पट करून त्याला ५.४ ने भागलं: केस ७० मायक्रॉन. सासूबाईंनी मग स्वतःचा एक पांढरा केस उपटून दिला. ६.३ सेंटिमीटर, म्हणजे ६० मायक्रॉन. आपला केस सुनेच्या केसापेक्षा बारीक निघालेला त्यांना काही पटला नाही. किल्ली डब्यात टाकत म्हणाल्या, “आज तेल लावलंय. उद्या न्हाल्यावर परत मोज.”