बेलापूर ते बेलापूर, व्हाया तीन पोलीस ठाणी

"अटक नाही, नुसतं बसवून ठेवलंय. आठपर्यंत सोडतील." दुपारी दोनला एका मित्राबद्दल हा फोन आला आणि मी जेवून घेतलं. जेवू नका. त्या अर्ध्या तासाचा राग अजून गेलेला नाही.

बेलापूरच्या कोकण भवनासमोर झोपड्या पाडण्याविरुद्ध निदर्शनं होती. आमचा मित्र अशा कारवायांची नोंद ठेवतो, मोबाइलवर चित्रीकरण करत होता. दीडला पोलिसांनी त्याला व्हॅनमध्ये घातलं. मी ठाणे स्टेशनवरून पनवेल लोकलने बेलापूर गाठलं. बसायला जागा मिळाली, त्यामुळे त्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

पहिल्या ठाण्यात (नावं मुद्दाम टाकत नाही) ठाणे अंमलदार म्हणाले, "इथे आणलंच नाही." दुसऱ्यात, "मॅडम, साहेब राउंडला गेलेत, बसा." बाकड्यावर अडीच तास बसले. शेवटी फाटकाबाहेरचा चहावाला म्हणाला, "ताई, ती व्हॅन साडेसातलाच गेली की." आत जाण्याआधी टपरीवर चौकशी करा. आतल्यापेक्षा खरी माहिती मिळते.

तिसरं ठाणं जेमतेम चार किलोमीटरवर. रिक्षावाल्याने ३५० घेतले. मीटरने सत्तर होतात, मध्यरात्रीनंतरचे पंचवीस टक्के धरूनही नव्वदच्या आत. रात्री ठाण्याबाहेर रडवेला चेहरा करून उभे राहिलात की हाच दर लागतो. कुणाची तरी बाइक सोबत ठेवा.

साडेसात ते सव्वाअकरा तो कुठे होता, हे कुणीच सांगेना. नंतर त्यानेच सांगितलं. एका खोलीत तळपायांवर पट्ट्याने मारत मोबाइलचा पासवर्ड मागत होते. अटक दाखवली ११ वाजून २० मिनिटांनी. म्हणजे दुपारपासूनचे दहा तास कागदावर घडलेच नाहीत, आणि मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याचे २४ तास (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ५७, आता तिच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं ५८) ते सव्वाअकरापासून मोजणार. 'बसवून ठेवलंय' या शब्दाचा उपयोग एवढ्यासाठीच. ताब्यात घेतल्याची वेळ दुपारीच कुठे ना कुठे नोंदली गेली पाहिजे: नंबर दिसेल असा व्हॅनचा फोटो, ११२ ला कॉल, वकिलामार्फत आयुक्तालयाला ईमेल. मी यातलं दुपारी काहीच केलं नाही, कारण आठला सोडणार होते ना!

आम्हाला वाचवलं मावशींनी, म्हणजे त्याच्या आईने. सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालापासून (१९९६) अटक पंचनाम्यावर वेळ, तारीख आणि नातेवाइकाची किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची सही लागते. रात्री बाराला हवालदाराने कागद पुढे केला. मावशींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, सगळा मजकूर वाचला आणि सहीखाली लिहिलं, 'दुपारी दीडपासून ताब्यात आहे.' हवालदार म्हणाला, "आजी, कागद खराब केलात." मावशी म्हणाल्या, "दुसरा आणा, त्यावरही लिहीन."

रात्री एकची 'मेडिकल' कुचकामी. पोलीस शेजारी उभा, डॉक्टरांनी विचारलं, "काही त्रास?" तो नाही म्हणाला. कुणीही म्हणेल. पाय कुणी पाहिलेच नाहीत. अहवालाची प्रत मागा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ प्रमाणे ती मिळायला हवी. अटकेची कारणंही लेखी मागा; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळ्याच गुन्ह्यांसाठी ते बंधनकारक केलं आहे. आम्हाला कोर्टाच्या दारात कागद मिळाला, त्यात न्याय संहितेचं कलम १३२, म्हणजे दंड संहितेचं जुनं ३५३, सरकारी कामात अडथळा आणण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. मोबाइल धरलेल्या हाताने कसला अडथळा केला, देव जाणे.

औषधं चिठ्ठीसकट न्या आणि दिल्याची नोंद मागा. पार्किन्सन झालेल्या ८३ वर्षांच्या स्टॅन स्वामींना २०२० साली तळोजा तुरुंगातून साध्या सिपरसाठी कोर्टात अर्ज करावा लागला होता. बीपीची गोळी आपोआप पोचेल, या भ्रमात राहू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला बेलापूर कोर्ट. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "पोलिसांबद्दल काही तक्रार?" तो गप्प. मावशींचा कागद वकिलांनी पुढे ठेवल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला आणि पुन्हा विचारलं. मग त्याने पाय दाखवले. नव्याने तपासणीचा आदेश झाला, तिन्ही ठाण्यांचं सीसीटीव्ही जपून ठेवण्याचाही. सीसीटीव्ही जपण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार चित्रण दीड वर्ष, निदान एक वर्ष तरी राहायला हवं, पण अर्जाची पोच हातात असलेली बरी. पंधरा हजारांच्या जातमुचलक्यावर साडेपाचला बाहेर. मला तेव्हा इतका आनंद झाला की वकिलांना मिठीच मारणार होते, तेव्हा कोर्टाबद्दल मी इथे जे चांगलं लिहिलंय ते जरा जपून घ्या.

आणि घरून सैलसर चपला न्या, दोन नंबर मोठ्या. तो घालून गेला होता ते बूट त्या पायांत जात नव्हते.