उघड्या दर्यासाठी फायबरची होडी निवडताना

माझ्या आतेभावाने यंदा जुनी लाकडी होडी मोडीत काढून फायबरची घ्यायचे ठरवले. मी रेझिनच्या धंद्यात बरीच वर्षे नोकरी केलेली असल्यामुळे कारखान्यांच्या फेऱ्या मारताना त्याने मला सोबत घेतले. तो देवगड ते मालवण या पट्ट्यात गिलनेट (मासळी कल्ल्यात अडकवणारे जाळे) टाकतो आणि मोसम असेल तेव्हा सुरमईसाठी गळ लावतो. त्याला हवी असलेली होडी 26 ते 30 फूट लांबीची, वरून उघडी आणि मागे आउटबोर्ड इंजिन लावलेली अशी आहे. पुढे जे लिहिले आहे ते याच वर्गातील होडीबद्दल आहे. ट्रॉलर आणि पर्ससीनचे हिशेब निराळे असतात आणि त्यात मला गती नाही. दर्यावर मी आजही पाहुणाच आहे, फायबर मात्र मला चांगले कळते.

कारखान्यात गेल्यावर गिऱ्हाईक पहिल्यांदा रंगाची चकाकी पाहते, मग इंजिन किती अश्वशक्तीचे लागेल ते विचारते आणि शेवटी किमतीवर येते. आतेभावाचे वडील, म्हणजे माझे मामा, जन्मभर तांडेलकी, म्हणजे होडीची प्रमुखकी, केलेले गृहस्थ आहेत आणि त्यांनी निघतानाच बजावले होते, "पाण्यार बरी दिसता म्हणान होडी घेव नको, पाणी भरल्यार ती काय करता ता बग." हा प्रश्न लाकडी होडीच्या काळात कोणी फारसा विचारत नसे, कारण त्याचे उत्तर लाकडातच होते. आंब्याची किंवा फणसाची होडी पाण्याने काठोकाठ भरली, उलटली, तरी ती तळाशी जात नाही आणि तिला धरून माणसे रात्र काढू शकतात. काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिन यांच्या थराची घनता मात्र पाण्याच्या साधारण दीडपट असते. फायबरची होडी तरंगते ती केवळ तिच्या आकारामुळे, आणि त्या आकारात पाणी शिरले की तिला वर धरून ठेवणारे काहीही उरत नाही. जे काही उरायला हवे ते बांधणाऱ्याने आधीच आत घालून ठेवावे लागते.

किती घालावे लागते याचा हिशेब अवघड नाही. नुसत्या होडीचे वजन 700 किलो धरले, तर पूर्ण बुडाल्यावर तिचे पाण्यातील वजन सुमारे 220 किलो भरते. इंजिन, नांगर, साखळी आणि जाळ्याची शिसे यांचे मिळून आणखी 80 ते 90 किलो होतात. नायलॉनच्या जाळ्याला पाण्यात फारसे वजन नसते, बर्फ तरंगतो आणि मासळी जवळजवळ समतोल असते, म्हणून ती सोडून देता येतात. चार माणसे कमरेपासून वर पाण्याबाहेर राहतील अशी बसली असे धरले, तर त्यांच्यासाठी 140 किलो ठेवावेत. ही बेरीज साडेचारशे किलोच्या आसपास जाते आणि एक घनमीटर पॉलियुरेथेन फोम स्वतःचे वजन वजा जाता साडेनऊशे किलोहून अधिक भार उचलतो, म्हणजे होडीत किमान अर्धा घनमीटर फोम हवा. मी स्वतः पाऊण घनमीटराच्या खाली तडजोड करणार नाही, कारण वर्षानुवर्षे उन्हापाण्यात राहिलेला फोम थोडाफार पाणी पितोच. आम्ही पाहिलेल्या होड्यांपैकी एकीत नाळेखालच्या, म्हणजे पुढच्या टोकाखालच्या, एका कप्प्यापलीकडे काहीच नव्हते, आणि तो कप्पाही रिकामा होता. हवाबंद रिकामा कप्पा तडा जाईपर्यंतच कामाचा असतो, आणि तडा जातो तो नेमका आपटल्यावर, म्हणजे कप्प्याची गरज पडते तेव्हाच.

फोम कुठे भरला आहे यालाही तितकेच महत्त्व आहे. सगळा फोम तळफळीखाली भरला तर पाणी भरलेली होडी पोट वर करून उलटते, कारण उचलणारी वस्तू खाली आणि वजन वर अशी स्थिती होते. तोच फोम दोन्ही बाजूंना, काठाच्या खाली आणि बसायच्या फळ्यांच्या आत विभागून भरला तर होडी सरळ राहते आणि पाणी उपसायला वाव मिळतो. बांधणारा थर्माकोल भरतो म्हणाला तर तेथून उठावे, हे माझे स्पष्ट मत आहे. पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन थर्माकोलला विरघळवते आणि पेट्रोल सांडले तरी तेच होते. वरून फायबरचा सुबक थर दिलेल्या फळीच्या आत काही वर्षांनी नुसती पोकळी सापडते.

आता आकाराकडे वळतो. इंटरनेटवर खवळलेल्या समुद्रासाठी होडी शोधली की तळाला खोल व्ही आकार असलेल्या, मागपर्यंत 20 ते 24 अंशांचा उतार ठेवलेल्या परदेशी होड्यांची चित्रे समोर येतात. अमेरिकेत 1960 च्या मायामी ते नासाऊ शर्यतीत अशाच तळाच्या 31 फुटी होडीने वादळी समुद्रात बाजी मारली आणि तेव्हापासून हा आकार लोकप्रिय झाला, हे खरे आहे. परंतु तो तळ लाटेवरून वेगाने धावण्यासाठी आहे आणि त्याला दीडशे-दोनशे अश्वशक्तीचे बळ लागते. आपल्याकडे अशा होडीवर बहुधा 9.9 अश्वशक्तीचे इंजिन असते, त्यामुळे 28 फुटी होडी भरल्या वजनाने सात-आठ नॉटच्या वर फारशी जात नाही. या वेगाला खोल व्हीचा फायदा मिळत नाही, तोटा मात्र पुरेपूर मिळतो, कारण इंजिन बंद करून एका बाजूने जाळे ओढत असताना असा तळ फार लोळतो. याउलट सपाट तळ जाळे ओढताना भक्कम वाटतो, परंतु समोरच्या लाटेवर असा आपटतो की कंबर आणि फायबरचे सांधे दोन्ही खिळखिळे होतात. आपल्या कामाला नाळेकडे चाकूसारखा धारदार, मधे हळूहळू पसरणारा आणि मागे दहा-पंधरा अंशांवर येऊन थांबणारा तळ बरा, तसेच लाटेचे पाणी बाजूला फेकण्यासाठी नाळेच्या वरच्या अंगाला बाहेरच्या बाजूस पुरेसा फुलाव हवा.

उलांडीच्या (बाजूला तोल सांभाळणारे लाकूड बांधलेल्या) होडीची सवय असलेल्या माणसाला फायबरची होडी सुरुवातीला बेचैन वाटते. एकतर बाजूचा आधार गेलेला असतो आणि दुसरे म्हणजे होडी हलकी असते. हलकी होडी लाटेबरोबर चटकन उठते, झटक्याने कलते आणि रिकामी असताना वाऱ्यावर वाहत जाते. दुपारी वायव्येचा वारा सुटला की नाळ वाऱ्याच्या तोंडी धरून ठेवणे लाकडी होडीपेक्षा कठीण जाते. म्हणून रुंदी पाहावी. 28 फुटांना सात फुटांच्या आसपास रुंदी मला योग्य वाटते, आणि खालच्या पठाणाची, म्हणजे तळाच्या मधल्या कण्याची, कडा पुरेशी खोल असावी म्हणजे होडी सरळ चालते. केवळ वजन वाढावे म्हणून काँक्रीटचे ठोकळे तळात टाकलेले मी पाहिले आहेत; ते सुटे असतील तर होडी कलताच घरंगळतात आणि त्यांच्यासारखा दगा दुसरा नाही. सुटे पाणी, सुटी मासळी यांचेही तेच होते, त्यामुळे आडव्या फळ्या घालून तळाचे कप्पे पाडलेले असावेत.

माझ्या मते आपल्या किनाऱ्यावरच्या होडीची खरी परीक्षा खोल पाण्यात होत नाही, ती खाडीच्या मुखाशी परत येताना होते. पश्चिम किनाऱ्यावरची मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै अशी असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास मोसम सुरू होतो तेव्हा दर्या अजून पुरता निवळलेला नसतो आणि पौर्णिमा असल्याने उधाणाची भरती-ओहोटी असते. ओहोटीचे पाणी जोराने बाहेर पडत असते, त्या पाण्याच्या समोरून दर्याची लाट येत असते आणि वाळूच्या दांड्यावर ती लाट आखूड व उभी होऊन फुटते. होडी त्या वेळी मासळीने भरलेली असते आणि लाट पाठीमागून येते. इथे मागची उभी भिंत, म्हणजे ट्रान्सम, ठेंगणी असेल तर एकच लाट पुरते. इंजिनाच्या दांड्याच्या लांब्या ठरलेल्या आहेत: आखूड दांडा 15 इंची, लांब दांडा 20 इंची. आखूड दांड्याचे इंजिन थोडे स्वस्त पडते म्हणून कित्येक ठिकाणी ट्रान्सम मधोमध तेवढाच खोल कापलेला असतो आणि सगळ्या होडीचा काठ अडीच फूट उंच असला तरी समुद्राला आत यायला तेवढे दार पुरते. लांब दांडाच घ्यावा आणि इंजिनाच्या पुढे पाणी अडवून आपोआप बाहेर सोडणारी खोलगट पेटी बांधून घ्यावी.

ट्रान्समच्या आत बहुतेक ठिकाणी प्लायवूड असते. इंजिनाचे बोल्ट ज्या भोकांतून जातात त्यांच्या कडा रेझिनने बंद केलेल्या नसतील तर प्लाय पाणी शोषून आतल्या आत कुजतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. जुनी होडी घेत असाल तर लाकडी मुठीच्या हलक्या हातोडीने ट्रान्सम, तळ आणि बाजू टप्प्याटप्प्याने ठोकत जावे. निरोगी थराचा आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या किंवा कुजलेल्या जागी तो बद्द येतो, आणि हा फरक नवख्या कानालाही पाच मिनिटांत कळतो.

नव्या होडीत थर तपासायचे तर मला सर्वांत भरवशाची वाटते ती चकती. पाणी काढण्याच्या बुचासाठी, पाइपांसाठी होडीला भोके पाडतात तेव्हा निघणाऱ्या गोल चकत्या कारखानदार फेकून देतो. त्या मागून घ्याव्यात. चकतीच्या कडेवर जाडी मोजता येते. या मापाच्या होडीला तळाशी सुमारे आठ मिलिमीटर आणि बाजूला पाच-सहा मिलिमीटर जाडी मी मागेन. मग ती चकती वजन करून, उघड्यावर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहून, शेगडीवर जाळावी. रेझिन काळा धूर सोडत जळून जाते आणि पांढऱ्या काचेचे थर तसेच उरतात, जे चिमट्याने एकेक सोडवून मोजता येतात: बारीक तुकड्यांची मॅट कोणती, विणलेले रोव्हिंग कोणते, आणि कारखानदाराने सांगितलेले थर खरोखर आहेत का, हे सगळे समोर येते. उरलेल्या काचेचे वजन मूळ वजनाच्या तीस टक्क्यांहून कमी भरले तर रेझिन ओतून जाडी वाढवली आहे असे समजावे. असा थर जाड दिसतो, पण ठिसूळ असतो. आम्हाला एका ठिकाणी चकती द्यायला साफ नकार मिळाला. ती होडी दिसायला सर्वांत देखणी होती, एवढे नोंदवून पुढे जातो.

रेझिन आयसोफ्थॅलिक आहे की साधे ऑर्थोफ्थॅलिक, हेही विचारावे. निदान जेलकोट, म्हणजे सर्वांत बाहेरचा गुळगुळीत थर, आणि त्यामागचा पहिला थर आयसोचा असेल तर पाण्यात सतत राहणाऱ्या तळाला फोड येण्याचे प्रमाण पुष्कळ घटते. याहून मोठी गोष्ट म्हणजे होडी कोणत्या महिन्यात बांधली गेली. बंदीच्या काळात होडी किनाऱ्यावर असते आणि हाताला वेळ असतो, म्हणून जून-जुलैमध्ये होडी बांधून घेण्याची मागणी येते. परंतु कोकणातील पावसाळ्यात हवेतील दमटपणा इतका असतो की मॅट ओलावा धरते आणि रेझिन नीट पकत नाही. बंदिस्त आणि कोरड्या खोलीत काम करणारा कारखाना नसेल तर पावसाळ्यातली होडी नको. मार्च-एप्रिलमध्ये बांधलेली होडी ताब्यात घेऊन ती पावसाळाभर छपराखाली ठेवण्याचे भाडे परवडते.

अनुदानाबद्दल थोडक्यात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना होडी आणि जाळ्यांसाठी सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती, जमाती व महिलांना 60 टक्के साहाय्याची तरतूद ठेवली गेली. सध्याची स्थिती आपल्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन विचारावी आणि पावत्या नोंदणीच्या नावाशी जुळतील याची काळजी घ्यावी. सुटलेले पैसे चकचकीत कठड्यांवर न घालवता हातपंप, दुसरा नांगर आणि जीवरक्षक जॅकेटांवर घालावेत. 11 नोव्हेंबर 2009 रोजी फयान चक्रीवादळ आले तेव्हा कित्येक होड्या बाहेर होत्या, हे आमच्या पट्ट्यात कोणाला सांगावे लागत नाही. तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांक होडीच्या आतल्या बाजूला रंगवून घ्यावा.

आतेभावाने शेवटी 28 फुटी होडी ठरवली. ती पाहिलेल्यांपैकी सर्वांत स्वस्त नव्हती आणि रंगानेही साधीच होती. मागणीपत्रावर फोमचे माप व जागा, 20 इंची ट्रान्सम आणि चकत्या आमच्या ताब्यात देणे या अटी कारखानदाराने काही न बोलता लिहून दिल्या. शेवटचा हप्ता देण्यापूर्वी खाडीच्या शांत पाण्यात बूच काढून होडी काठोकाठ भरून पाहायची, ही अट ऐकताच मात्र त्याने पेन खाली ठेवले आणि इंजिन भिजले तर भरपाई कोण देणार असे विचारले. त्याचे म्हणणे रास्त होते. पाण्यात वाळूचे वजन इंजिनापेक्षा अधिक घटते हे लक्षात घेऊन, इंजिनाच्या दीडपट वजनाची वाळूची पोती ट्रान्समला बांधायची आणि चार माणसे आत बसवून चाचणी घ्यायची, असे दोघांच्या संमतीने लिहिले गेले.