ॲम्स्टरडॅमच्या तीन दिवसांचा बेत
ॲम्स्टरडॅमच्या तीन दिवसांचा बेत आखताना मी विमानाच्याही आधी ॲन फ्रँक हाऊसच्या तिकिटांकडे वळलो. कारण ती केवळ ऑनलाइन मिळतात आणि दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांसाठी खुली होतात. रेम्ब्राँटचे १६४२ मधील ‘नाइट वॉच’ हे चित्र पाहण्यासाठी राइक्सम्युझियमला एक सकाळ दिली आहे. उरलेला वेळ मात्र सतराव्या शतकातील, २०१० मध्ये जागतिक वारसा ठरलेल्या कालव्यांच्या वलयासाठीच राखला आहे. तेथील घरांच्या माथ्यावर हुक लावलेली तुळई पुढे आलेली असते, कारण जिने इतके उभे आणि चिंचोळे, की अवजड सामान दोराने खिडकीतूनच आत घ्यावे लागते. हे वाचताच कालव्याकाठची चौथ्या मजल्यावरची खोली मी निमूटपणे रद्द केली आणि लिफ्टचे हॉटेल घेतले. सोबत आईचे गुडघेही येणार आहेत.