खळ्यातला धोबी

दिवाळीच्या आगेमागे गुहागरच्या आमच्या घरी खळं करायला घेतात. ओली माती चोपण्याने थापायची, वर शेणाचं सारवण. थापणाऱ्याच्या मागे चार हातांवर पांढरा धोबी हजर. किडे टिपतो, दोन पावलं पळतो, थांबतो, आणि शेपटी सारखी खालीवर. "बघ, स्वतःचं चोपणं घेऊन आलाय," आजी म्हणायची.

हे पाहुणे हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतात. एप्रिलच्या सुमारास एक दिवस खळं रिकामं. तेव्हा इथे घामाच्या धारा. तिकडे बर्फ वितळायला लागलं, हे त्याला कोणी सांगितलं?

लांबत जाणाऱ्या दिवसाने. 1920 च्या दशकात पक्ष्यांचे अभ्यासक विल्यम रोवन यांनी कॅनडातल्या कडाक्याच्या हिवाळ्यात पिंजऱ्यातल्या जंको पक्ष्यांना विजेच्या दिव्यांनी रोज थोडा थोडा जास्त उजेड दिला. थंडी तशीच, पण पक्ष्यांची जननेंद्रियं वसंतातल्यासारखी वाढली. पुढे मायकल मेनाकर यांनी चिमण्यांवर दाखवलं की यासाठी डोळेसुद्धा लागत नाहीत. उजेड कवटीतून थेट मेंदूत झिरपतो. डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली की आंधळ्या चिमणीला लांबलेला दिवस कळत नाही. आजी बाळांची टाळू तेलाने भरायची. पाखरं ती उन्हाने भरतात म्हणायचं!

बरं, उजेड बदललाच नाही तर? एबरहार्ड ग्विनर यांनी आफ्रिकेतले स्टोनचॅट पक्षी वर्षानुवर्षं एकसारख्याच दिवसात ठेवले. तरी पिसं गाळणं, विणीची तयारी, सगळं पाळीपाळीने होत राहिलं. फक्त त्यांचं 'वर्ष' दहा महिन्यांच्या आसपास भरायचं. आमच्या माजघरातलं घड्याळ असंच पुढे धावायचं. आजोबा रोज सातच्या बातम्यांना रेडिओ लावून काटा मागे घेत. पाखराचा काटा जागेवर आणतो तो बदलता दिवस.

आणि आमच्याकडे तो बदलतो तरी किती? सगळ्यांत मोठ्या आणि सगळ्यांत छोट्या दिवसात जेमतेम दोन तासांचं अंतर. मला ते भिंतीवरच्या कॅलेंडरशिवाय कळत नाही. पनामातला एक छोटा जंगलपक्षी तर सतरा मिनिटांचा फरकही ओळखतो.

गेल्या वर्षी चोराचिलटाच्या भीतीने खळ्यावर रात्रभर जळणारा एलईडी लावला. आमच्या अंगणातला दयाळ पक्षी हल्ली पहाटे तीनलाच शीळ घालायला लागतो. धोबी अजून वेळेवर येतो. मी मात्र आता नऊ वाजले की दिवा मालवतो.