तळ्याचं अपडेट: गळती सापडली, मासे सोडले एकदाचे

मागच्या वेळी माशांच्या छोट्या तळ्यासाठी खड्डा खणून झाला म्हणून फोटो टाकून मोकळा झालो होतो आणि मग गायबच झालो, तर आता सगळं एकदम सांगतो. माप ३ मीटर बाय २ मीटर, मधे खोली ७५ सेंमी, आणि कडेने सगळीकडे ३० सेंमी रुंदीची पायरी, तिच्यावर २५ सेंमी पाणी, कुंड्या ठेवायला. कोई (ते मोठे रंगीत जपानी मासे) नकोत हे आधीच ठरलेलं, त्यांना मीटरभर तरी खोली आणि याच्या कितीतरी पट पाणी लागतं, इथे साधे गोल्डफिशच.

लायनरचा, म्हणजे पाणी मुरू नये म्हणून खड्ड्यात अंथरायच्या शीटचा हिशोब सोपा आहे तरी लोक चुकतात म्हणून लिहितो. लांबी अधिक दोनदा खोली अधिक दोन्ही बाजूंना ३० सेंमी कड, म्हणजे माझं ५.१ बाय ४.१ निघालं, मी ५.५ बाय ४.५ घेतलं. पायऱ्यांसाठी वेगळं काही धरायचं नाही, खोलीतच येतं ते. १ मिमीचं ईपीडीएम (एक प्रकारचं रबर), खाली जाड फेल्टचं कापड. आणि हो, गुणाकार करून ४५०० लिटर येत होते पण भरताना पाइपला पाणी मोजायचा मीटर लावला तर २९०० लाच काठोकाठ! पायरी आणि गोल केलेले कोपरे एवढं खातात. औषधाचा डोस काय किंवा पंपाचं माप काय, सगळं याच आकड्यावर ठरतं त्यामुळे भरताना मीटर लावाच.

आता खरी रड. काठाची लेव्हल. मी फळीवर स्पिरिट लेव्हल ठेवून ठेवून पुढे सरकत गेलो, दर ठिकाणी बुडबुडा मधोमध, मी खूश. पण प्रत्येक वेळी केसभर चूक होत होती आणि तीन मीटरवर तिची बेरीज झाली. बायको म्हणाली अहो पाणसळ लावा ना, गवंडी लावतात तशी. लावली. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन टोकं दोन खुंट्यांना धरली तर एकदम ९ सेंमीचा फरक, मी हबकलोच. नंतर नीट बघितलं तर नळीत मधेच हवेचा एवढासा बुडबुडा अडकलेला. तो झटकून काढल्यावर खरा फरक ४ सेंमी निघाला. म्हणजे पाणी भरलं असतं तर एका बाजूने काठावरून वाहिलं असतं आणि समोर चार सेंमी काळं लायनर उघडं दिसत राहिलं असतं. खालच्या बाजूला माती चढवून धुमसली, पुन्हा मोजलं, परत चढवली. एक अख्खा रविवार गेला पण खड्डा कोरडा असतानाच हे करा, पाणी भरल्यावर काही करता येत नाही.

भरलं, धबधबा चालू केला (धबधबा म्हणजे काय, गुडघ्याएवढा आहे), दुसऱ्या दिवशी पाणी ३ सेंमी खाली. माझ्या तळ्यात १ सेंमी म्हणजे साधारण ६० लिटर, म्हणजे तीन-चार दिवसांत टाकीभर पाणी गायब. पहिला विचार अर्थातच लायनर फाटलं. पण आधी बादलीची टेस्ट केली: बादली पाण्याने भरून पायरीवर ठेवायची, आत-बाहेर खूण करायची. चोवीस तासांत बादलीत ६ मिमी कमी आणि तळ्यात ३ सेंमी, म्हणजे नुसती वाफ नाही. मग पंप बंद ठेवून तीच टेस्ट, तर दोन्हीकडे सारखंच कमी झालं. म्हणजे लायनर शाबूत, भानगड धबधब्यात!

तिथे उकिडवा बसून एकेक दगड उचलला. वरचा चपटा दगड, त्याच्या बाजूला लायनरची घडी थोडी खाली दबलेली आणि तिच्यावर मी शोभेसाठी माती आणि शेवाळ लावलेलं. ते शेवाळ वातीसारखं पाणी ओढून बाहेरच्या मातीत देत होतं, बोट घातलं तर नुसता चिखल. धार वगैरे कुठेच दिसत नव्हती म्हणून आठ दिवस कळलं नाही. घडी वर उचलून मागे माती भरली, काठ आणि माती यांच्यात दोन बोटं जागा सोडून गोटे लावले. आता बादली आणि तळं बरोबरीने उतरतात.

मासे मात्र लगेच सोडले नाहीत, आधी फिल्टरात माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू तयार व्हायला हवेत. मित्राच्या जुन्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा आणून माझ्या फिल्टरात टाकला, रोज चिमूटभर माशांचं खाणं कुजायला टाकत राहिलो. आधी अमोनिया चढला, तो उतरतोय म्हणेपर्यंत नायट्राइट चढलं, मग दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसायला लागलं, पाच आठवडे गेले यात. मधे पाणी हिरवंगार झालं तेव्हा घरच्यांनी उपसून टाका म्हणून भुणभुण लावली होती पण उपसलं तर परत पहिल्यापासून. कमळाची पानं पसरून अर्धा भाग झाकला तसं आपोआप निवळलं. कमळ चिकणमातीत लावलंय, वर खडी, कुंडीची कोकोपीट घालू नका, तरंगून वर येते. संथ कोपऱ्यात डासांच्या अळ्या झाल्या होत्या त्या मुलीने गाळणीने काढल्या, तिला भलतंच आवडलं ते काम, रोज मोजून सांगायची.

नळाच्या पाण्याला आधी डीक्लोरीनेटर (क्लोरीन घालवायचं औषध), मगच तळ्यात. आणि वरून पाणी घालताना पाइप चालू ठेवून आत जायचं नाही, विसरलात तर क्लोरीनवालं पाणी रात्रभर जातं आणि सकाळी मासे उलटे. मी किचनचा टायमर खिशात घेऊनच बसतो.

शनिवारी पाच गोल्डफिश सोडले. पिशवी पंधरा-वीस मिनिटं तरंगत ठेवली, मग थोडं थोडं तळ्याचं पाणी आत घातलं, मासे जाळीने काढून घेतले आणि पिशवीतलं पाणी बाहेर ओतलं. चार लगेच फिरायला लागले, पाचवा, पांढऱ्या शेपटीचा, दोन दिवस कमळाच्या कुंडीमागेच होता. आज सकाळी पंपाच्या धारेत उभा दिसला. अमोनिया अजून रोज तपासतोय, आज शून्य. पुढचं काम जाळीचं, कालपासून शेजारची मांजर काठावर येऊन बसतेय.